तीन बोटे आणि भाकरी

लेख वाचायला सुरुवात करण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करू या. तर्जनी, मधले बोट आणि अनामिका ही तीन बोटे एकमेकांना चिकटवा. हात असा वळवा की ती एकाखाली एक येतील. आता तोंड शक्य तितके उघडून वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये ती घालून पाहा. बहुतेक निरोगी माणसांची तिन्ही बोटे सहज आत जातात. दातांमधले हे अंतर साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटर भरते. बोटे मात्र ज्याची त्यानेच वापरायची. ज्याचा चेहरा लहान, त्याची बोटेही लहान असतात, त्यामुळे ही मोजपट्टी प्रत्येकाला बरोबर बसते.

ज्याची दोनच बोटे आत जातात, त्याला रोग झालाच आहे असे समजू नये. अक्कलदाढ येत असेल, जबड्याचा सांधा दुखत असेल, अशी साधी कारणेही असतात. पण तो मुलगा रोज खर्रा खात असेल आणि अलीकडे तिखट भाजी तोंडाला झोंबते म्हणून ताट बाजूला सारू लागला असेल, तर शिक्षकाने थांबून विचार करायला हवा.

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. या वेळी आम्ही एका संशोधनशाखेचे परीक्षण करायचे ठरवले आहे. तिला मुखवैद्यक म्हणू या. तोंडाच्या आतले अस्तर, जीभ, लाळग्रंथी, जबडा आणि दात यांचे परस्परसंबंध आणि आजार हा तिचा विषय. त्यातही कर्करोगाच्या रुग्णाच्या तोंडाची आणि दातांची काळजी हा भाग आम्ही मुख्यतः पाहणार आहोत. ग्लोबोकॅन या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २०२० या एका वर्षात भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ३६ हजार नवे रुग्ण झाले. एवढ्या मोठ्या प्रश्नावर आपले संशोधन कोणते प्रश्न विचारते आणि कोणते विचारायचे राहून जातात, हे पाहणे अगत्याचे आहे.

हे परीक्षण सेवाग्रामकडे नजर ठेवून करण्याला कारण आहे. वर्ध्याजवळच्या या गावात १९४५ साली कस्तुरबा रुग्णालय सुरू झाले आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. खेड्यातल्या माणसाचे आरोग्य हाच तिचा आरंभापासूनचा विषय आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमात वर्धा जिल्ह्याची स्वतंत्र नोंदणी असते आणि तिचे काम सेवाग्रामहून चालते. म्हणजे रोगाची मोजदाद करणारे आणि खेड्याशी नाते असणारे, असे दोघेही येथे एकत्र आहेत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. कर्करोग होण्यापूर्वीचे तोंड आपल्या संशोधकांनी खेड्यापाड्यांत फिरून, थोड्या साधनांत, फार चांगले पाहिले. कर्करोगावर उपचार झाल्यानंतरचे तोंड मात्र त्यांनी तितक्या आस्थेने पाहिलेले नाही.

बॅटरी घेऊन खेड्यात

आधी जमेची बाजू पाहू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. डॉ. फली मेहता हे त्याचे प्रमुख. त्यांच्याबरोबर प्रकाश गुप्ता, दफ्तरी आणि डेन्मार्कचे प्रसिद्ध मुखरोगतज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग यांनी काम केले. १९६९ साली या गटाने देशातल्या पाच जिल्ह्यांतील ५०,९१५ ग्रामस्थांची पाहणी प्रसिद्ध केली. १९७२ साली महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची पाहणी आली. आकडे नीट पाहा. एक लाखाहून अधिक माणसांच्या तोंडात कोणीतरी डोकावून पाहिले होते. रुग्णालयात बसून, जे येतील त्यांनाच तपासले असते तर हे चित्र दिसले नसते. जो दुखले तरच दवाखान्यात येतो, तो रोगाच्या आरंभी येतच नाही.

पुढची पायरी म्हणजे नुसते मोजण्याऐवजी काही बदल घडवता येतो का, हे पाहणे. १९८६ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात याच परंपरेतला एक अभ्यास आला. तंबाखूचे सेवन करणाऱ्या सुमारे ३६,००० ग्रामस्थांना समजावून सांगत पाच वर्षे पाठपुरावा केला गेला. तंबाखू सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढले आणि तोंडात नवे पांढरे चट्टे येण्याचे प्रमाण घटले.

येथे एक उणीवही नोंदवली पाहिजे. समजावलेल्या लोकांची तुलना त्याच भागांत काही वर्षे आधी केलेल्या पाहणीतील लोकांशी केली होती. दोन्ही गट एकाच वेळचे नव्हते. मधल्या काळात तंबाखूची किंमत, फॅशन, शिक्षण बदलले असेल तर त्याचा परिणाम कोणत्या खात्यावर टाकायचा? विद्यार्थ्यांना 'नियंत्रित प्रयोग' शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडेल. अभ्यास मोलाचाच आहे, पण त्याचा निष्कर्ष किती ताणायचा याला मर्यादा आहे.

ही उणीव भरून काढणारा प्रयोग केरळात झाला. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १३ भाग निवडून, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट पाडले. दोन्ही मिळून १ लाख ९१ हजारांवर माणसे होती. एका गटात प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते घरोघरी जाऊन तोंड तपासत होते. हे कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. २००५ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले: तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणीच्या गटात ३४ टक्क्यांनी कमी होते. सर्व लोक एकत्र धरले तर फरक एवढा स्पष्ट नव्हता, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे सांगितले. डॉक्टर नसलेला, पण नीट शिकवलेला माणूस तोंडात पाहून जीव वाचवू शकतो, हा या प्रयोगाचा मोठा धडा आहे. तो पुढे आपल्याला लागणार आहे.

सुपारी मागे राहिली

तोंड न उघडण्याच्या रोगाकडे आता वळू. या रोगात तोंडाच्या अस्तराखालचा थर तंतुमय आणि ताठ होत जातो. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये त्याचे वर्णन केले आणि १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला अधःश्लेष्मल तंतुमयता या अर्थाचे नाव दिले. १९५६ मध्ये टाटा रुग्णालयाच्या डॉ. पेमास्टरांनी या रोगाचा कर्करोगाशी असलेला संबंध दाखवला.

या रोगामागे मुख्य हात सुपारीचा आहे. सुपारीतल्या अरेकोलीन या द्रव्यामुळे अस्तराखालच्या पेशी जास्त कोलॅजेन तयार करतात. कोलॅजेन म्हणजे शरीरातला दोरासारखा प्रथिनतंतू. सुपारीत तांबेही बरेच असते. त्यामुळे हे तंतू एकमेकांशी बांधणारे विकर अधिक काम करते. टॅनिनमुळे तंतू लवकर विरघळत नाहीत. थोडक्यात, दोर जास्त वळले जातात, घट्ट गाठी बसतात आणि जुने दोर काढून टाकले जात नाहीत. गाल रबरासारखा न राहता चामड्यासारखा होतो. आरंभी फक्त तिखट झोंबते, मग तोंड कमी कमी उघडू लागते.

हे सर्व कळायला लागून सत्तर वर्षे होत आली. पण आपल्या प्रचाराचा सारा रोख तंबाखूवर राहिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८५ मध्ये तंबाखूसह विडा कर्करोगकारक ठरवला, पण तंबाखूविना विड्याबाबत पुरावा अपुरा मानला. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे हा निर्णय २००३ च्या बैठकीत झाला आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मधल्या काळात 'तंबाखूविरहित' असे छापलेल्या पानमसाल्याच्या पुड्या गावोगाव पोचल्या. पालकांनाही त्या निरुपद्रवी वाटल्या. नागपूरच्या हजारे, गोयल आणि गुप्ता यांनी १९९८ साली तंतुमयतेचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांची तुलना करून सुपारी व पानमसाला यांच्याकडे स्पष्ट बोट दाखवले होते. म्हणजे ज्या भागात प्रश्न सर्वांत तीव्र, तेथूनच उत्तरही आले होते. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ मध्ये बंदी आली. पण खर्रा पुडीत येत नाही. सुपारीची खांडे, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून तो पानठेल्यावरच तयार होतो.

सेवाग्रामच्या डोंगरे, देशमुख, मुरली आणि गर्ग यांनी वर्धा जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील किशोरवयीनांचा अभ्यास २००८ साली 'इंडियन जर्नल ऑफ कॅन्सर'मध्ये प्रसिद्ध केला. मागच्या ३० दिवसांत तंबाखूचा कोणताही पदार्थ घेतलेल्या मुलग्यांचे प्रमाण ६८.३ टक्के आणि मुलींचे १२.४ टक्के होते. मुलग्यांत खर्रा सर्वांत पुढे होता. या अभ्यासाचा गुण असा की त्याने किती मुले खातात एवढेच विचारून न थांबता गटचर्चा करून ती का खातात हेही जाणून घेतले. नुसते आकडे आले असते तर शिक्षकाच्या हाती काही लागले नसते.

आणखी एक आकडा तपासून पाहू, कारण तो पुष्कळ ठिकाणी उद्धृत होतो. तंतुमयता झालेल्यांपैकी ७.६ टक्के रुग्णांना कर्करोग होतो, असे सांगितले जाते. हा आकडा मूर्ती आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या निबंधातला आहे. केरळातल्या ६६ रुग्णांवर १७ वर्षे लक्ष ठेवले, त्यांपैकी ५ जणांना कर्करोग झाला. पाच भागिले सहासष्ट, म्हणजे ७.६ टक्के. इतक्या लहान गटावरून काढलेले खरे प्रमाण साधारण ३ पासून १७ टक्क्यांपर्यंत कोठेही असू शकते. दशांशचिन्हामुळे आकडा नेमका वाटतो, पण तो तितका नेमका नाही. सतरा वर्षे खेड्यांत जाऊन तीच माणसे पुन्हा शोधणे हे मात्र कौतुकाचेच काम आहे. दोष संशोधकांचा नाही. एवढ्या लहान संख्येवर पुढच्यांनी मोठ्या इमारती बांधल्या, हा दोष आहे.

किरणांनंतरचे तोंड

आता दुसरी बाजू. समजा, आर्वी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला गालाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली आणि नंतर सुमारे सहा आठवडे किरणोपचार झाले. एकूण मात्रा ६० ग्रेच्या आसपास, रोज २ ग्रे, आठवड्यातून पाच दिवस. कर्करोग गेला. पाठ्यपुस्तकातली आणि पाकिटावरच्या चित्रातली गोष्ट येथे संपते. त्याच्या तोंडाची गोष्ट येथून सुरू होते.

किरण झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना जास्त इजा करतात. तोंडाचे अस्तर दोनेक आठवड्यांत नवे होत असते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलपटून येते. ते उपचार संपल्यावर काही आठवड्यांत बहुधा भरून येते. लाळेचे तसे नसते. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्ध्या ते दीड लिटरपर्यंत लाळ येते. कानापुढच्या लाळग्रंथीला सरासरी २६ ग्रेहून जास्त मात्रा मिळाली तर ती सहसा पूर्ववत होत नाही. लाळेतली बायकार्बोनेटे आम्ल मारतात, कॅल्शियम आणि फॉस्फेट दातांची झीज भरून काढतात. तोंडातला सामू ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. लाळ असेल तर सामू लवकर वर येतो, नसेल तर तो खालीच राहतो. म्हणून अशा रुग्णांचे दात हिरडीलगतच्या मानेपाशी वेगाने किडतात आणि काही महिन्यांत तुटू लागतात.

तिसरी गोष्ट हाडाची. किरणांमुळे जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या कमी होतात. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच वरच्यापेक्षा तोकडा असतो. अशा हाडातून दात उपटला तर जखम भरायला लागणारे रक्त आणि पेशी दोन्ही अपुऱ्या पडतात. हाड उघडे पडते, मरते, कधी जबडाच मोडतो. म्हणूनच किडके, हलणारे दात किरणोपचारापूर्वी दोन-तीन आठवडे काढून जखम भरू द्यावी, असा नियम आहे.

आमच्या शेतकऱ्याला हे कोणी नीट सांगितलेले नाही असे धरू. वर्षभराने दात दुखू लागतो. तो जवळच्या दवाखान्यात किंवा गावातल्या शिबिरात जातो. तेथे त्याला किरणोपचाराबद्दल कोणी विचारत नाही आणि तोही आपणहून सांगत नाही. दाताचा आणि कर्करोगाचा काय संबंध, असे त्याला वाटते. दात निघतो आणि जखम भरत नाही. हे टाळायला कोणतेही महागडे यंत्र लागत नाही. एक प्रश्न विचारला जाणे पुरेसे असते.

एका चाचणीचा धडा

या भागातले संशोधन कसे आहे? १९८५ साली अमेरिकेत मार्क्स आणि सहकाऱ्यांनी ७४ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. किरणोपचार झालेल्या जबड्यातले दात काढायचे होते. ३७ जणांना पेनिसिलीन दिले, ३७ जणांना दात काढण्याआधी २० वेळा आणि नंतर १० वेळा उच्च दाबाच्या कोठडीत बसवून शुद्ध ऑक्सिजन दिला. पेनिसिलीनच्या गटात ११ जणांचे हाड मेले, ऑक्सिजनच्या गटात दोघांचे. या निष्कर्षावर तीन दशके जगभर उपचार बेतले गेले. ज्यांच्याजवळ अशी कोठडी नव्हती, त्यांना आपण रुग्णाला कमी प्रतीचा उपचार देतो असे वाटत राहिले.

२०१९ मध्ये ब्रिटनमधल्या 'होपॉन' चाचणीचे निष्कर्ष आले. १४४ रुग्ण, दोन गट. दोन्ही गटांना जंतुनाशक चूळ आणि प्रतिजैविके दिली, एकाच गटाला ऑक्सिजनही दिला. सहा महिन्यांनी हाड मेलेल्यांचे प्रमाण ऑक्सिजनच्या गटात ६.४ टक्के, दुसऱ्या गटात ५.७ टक्के होते. म्हणजे कोठडीने काही साधले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काळजीपूर्वक दात काढला तर धोका १९८५ च्या चाचणीत दिसला त्यापेक्षा पुष्कळ कमी निघाला. साध्या साधनांनी काम करणाऱ्या ग्रामीण रुग्णालयाला ही बातमी दिलासा देणारी आहे.

दुसरे उदाहरण किरण लाळग्रंथीला चुकवून देण्याचे. २०११ च्या 'पारस्पोर्ट' चाचणीत जुन्या पद्धतीने उपचार घेतलेल्या ७४ टक्के रुग्णांना वर्षभरानंतरही तोंड कोरडे पडण्याचा बराच त्रास होता, नव्या पद्धतीत ३८ टक्क्यांना. निष्कर्ष चांगला आहे. पण ते रुग्ण घशाच्या कर्करोगाचे होते. आपल्याकडे गाल आणि हिरडी यांचा कर्करोग अधिक, आणि त्यात आधी शस्त्रक्रिया होते. दुसऱ्याच्या अंगाला बेतलेला सदरा आपल्या अंगावर कोठे घट्ट होतो, कोठे ढगळ, हे घालून पाहिल्याखेरीज कळत नाही.

किडीबाबत १९७७ पासून माहीत आहे की फ्लोराइडचा जेल दातांच्या मापाच्या साच्यात घालून रोज काही मिनिटे लावला तर कोरड्या तोंडातही दात टिकतात. ह्यूस्टनच्या ड्रायझेन आणि सहकाऱ्यांचे हे काम. पण रोज, आयुष्यभर, स्वतःच्या मापाचा साचा आणि जेल हे आर्वीच्या शेतकऱ्याला कोठून परवडणार? परवडत नाही म्हणून बरे असलेले दातही सरसकट काढून टाकावेत का? दात एका खेपेत काढता येतात. वाचवायचे तर अनेक खेपा घालाव्या लागतात, मजुरी बुडते, एस.टी.चे भाडे लागते. कोणते दात काढावेत आणि कोणते राखावेत, यावर चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्यांचा आधार फार तोकडा आहे. म्हणजे रोज घेतला जाणारा एक निर्णय बऱ्याच अंशी सवयीवर चालतो. आमची मुख्य तक्रार येथे आहे.

मोजपट्टी कोणाची?

यावर संशोधक म्हणतील, 'रुग्ण इतक्या उशिरा येतात की जीव वाचवणे हेच मोठे. दातांचे काय घेऊन बसलात?' हा आक्षेप गंभीर आहे आणि एके काळी तो पुरेसाही होता. पण टाटा मेमोरियल रुग्णालयाच्याच डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले की आरंभीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कर्करोगात मानेतल्या गाठी सुरुवातीलाच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत असतात. गाठी वाढेपर्यंत वाट पाहिली तर ६७.५ टक्के. जी माणसे वाचतात, त्यांना रोज जेवायचे असते.

म्हणून मोजपट्टीचा प्रश्न येतो. शोधनिबंध उघडे पडलेले हाड मोजतात, किडलेले दात मोजतात, लाळेचे मिलिलिटर मोजतात. रुग्णाच्या अनुभवाची प्रश्नावलीही आहे. युरोपात तयार झालेल्या प्रश्नावलीत दात, तोंड उघडणे, कोरडेपणा, चारचौघांत जेवणे यांबद्दल विचारलेले असते आणि टाटा रुग्णालयात भारतीय रुग्णांवर ती पडताळून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हे चांगलेच झाले. पण 'घन पदार्थ खाताना त्रास होतो का' या प्रश्नातला घन पदार्थ कोणता? लाळ भिजवेल तेव्हाच मऊ होणारी ज्वारीची भाकरी आणि दुधात बुडवलेला पाव यांत फार अंतर आहे. वर्ध्याच्या रुग्णाला विचारायचा प्रश्न असा हवा: उपचार संपून एक वर्ष झाले, आता भाकरी चावून गिळता येते का? सोबत भाजी किती तिखट चालते? घरच्यांच्या पंगतीत बसता, की वेगळे पातळ जेवण एकटे जेवता?

हे प्रश्न भावनिक वाटतील, पण ते मोजता येतात. दरवर्षी त्याच माणसांना विचारता येतात आणि दोन उपचारांची तुलना करायला वापरता येतात. नोंदणीत कर्करोगाचा अवयव, वय, तारीख असते. दातांचा आणि तोंड उघडण्याचा रकाना तिला जोडून, निवडक रुग्णांपुरता का होईना, एक अभ्यास उभा राहू शकतो. तिरुवनंतपुरमच्या प्रयोगात साधे आरोग्य कार्यकर्ते तोंड तपासायला शिकले. तसेच ते उपचार घेऊन परतलेल्या रुग्णाकडे महिन्याला जाऊन तोंड पाहू शकतील, दातांना फ्लोराइडचा लेप लावू शकतील, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या चुळा भरायला शिकवू शकतील, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून तोंड उघडण्याचा व्यायाम करून घेऊ शकतील. याने भाकरी खाणाऱ्यांची संख्या वाढते का? उत्तर हो येईल किंवा नाही येईल. दोन्ही उत्तरे उपयोगी आहेत. मुद्दा असा की हा प्रश्न ह्यूस्टनला पडणार नाही. तो वर्ध्यालाच पडला पाहिजे. एक लाख तोंडे तपासणारी परंपरा आपल्याकडे असताना तो अवघडही नाही.

शाळेपुरते

शिक्षकांनी यातून काय घ्यावे? सुपारी आणि तंबाखू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही घातक आहेत, हे वर्गात स्पष्ट सांगावे. 'तंबाखू नाही म्हणजे चालते' हा समज मोडणे आज सर्वांत निकडीचे आहे. तीन बोटांचा प्रयोग सर्व वर्गाने एकत्र, खेळीमेळीने करावा. कोणाला उभे करून त्याचे तोंड सर्वांना दाखवू नये. ज्याची बोटे अडतात, त्याच्याशी नंतर एकटे बोलावे आणि त्याला दंतवैद्याकडे पाठवावे. निदान करणे आपले काम नाही. सुपारी तेव्हाच सुटली तर रोग पुढे सरकणे थांबण्याची आशा असते, पण ताठ झालेला गाल पूर्वीसारखा क्वचितच होतो, हेही खरे सांगावे.

आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या घरी कर्करोगाचे उपचार घेतलेले कोणी असेल, तर त्याच्याकरवी एक वाक्य घरी पोचवावे: दाताच्या कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की तोंडाला किरण दिले होते हे आधी सांगा, आणि कागद बरोबर न्या. वरच्या वर्गांनी ७.६ टक्क्यांचे आणि ऑक्सिजनच्या कोठडीचे उदाहरण गणिताच्या आणि विज्ञानाच्या तासाला सोडवून पाहावे. शोधनिबंधातला आकडा कोणाला मोजून आला, कशाशी तुलना करून आला आणि काय मोजायचे राहिले, हे तीन प्रश्न विचारायची सवय मुलांना लागली तर पुढे त्यांच्यातलाच कोणी भाकरीचा प्रश्न घेऊन संशोधनाला बसेल.